बेरीज कुठून सुरू, कुठे शून्य?

दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल हातात घ्या. सभासदाच्या नावाखाली रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी असतात: तारीख, लिटर, फॅट, दर, रक्कम. त्याखाली त्या सभासदाची बेरीज, मग कपाती, मग हातात पडणारी रक्कम. शेवटच्या पानावर सगळ्या संस्थेची बेरीज. काही ठिकाणी प्रत्येक ओळीसमोर आणखी एक रकाना छापलेला असतो. आजपर्यंत किती लिटर झाले, ते त्यात दिसते.

या कागदावर तीन तऱ्हेच्या बेरजा आहेत. सभासदापुरती ती पोटबेरीज, म्हणजे सबटोटल. सगळ्या संस्थेची ती एकूण बेरीज. आणि ओळीगणिक वाढत जाणारी ती चढती बेरीज, म्हणजे रनिंग टोटल. गावोगावच्या संस्था, पतपेढ्या, छोटी दुकाने यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये रिपोर्ट करून देताना मी एक शिस्त लावून घेतली आहे. कोणतीही बेरीज मांडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहायची. बेरीज कोणत्या ओळींची? ती कुठून सुरू होते? कुठे पुन्हा शून्य होते? बेरजा चुकतात त्या बहुतेक वेळा सूत्र चुकल्यामुळे नाही, तर या तीनपैकी एक प्रश्न विचारायचा राहून गेल्यामुळे.

उदाहरण छोटेच घेऊ, म्हणजे प्रत्येक आकडा तोंडी पडताळता येईल. सभासद क्रमांक 12 ने 1 तारखेला सकाळी 5 लिटर, संध्याकाळी 4 लिटर घातले. 2 तारखेला सकाळी 6, संध्याकाळी 4. एकूण 19. सभासद क्रमांक 13 ने याच क्रमाने 3, 2, 3, 2 लिटर घातले. एकूण 10. संस्थेचे 29.

अ‍ॅक्सेसमध्ये रिपोर्ट डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा आणि 'ग्रुप अँड सॉर्ट'च्या पट्टीत सभासद क्रमांकावर ग्रुप करा. त्याच पट्टीत 'मोअर'वर टिचकी मारून ग्रुप फूटर चालू करा. क्वेरीत लावलेल्या क्रमावर विसंबू नका. रिपोर्टमध्ये एकदा ग्रुपिंग आले की क्रम तिथला चालतो. म्हणून ग्रुपच्या खाली तारीख आणि तारखेखाली वेळ, असा क्रम इथेच लावायचा. वेळेची नोंद इंग्रजीत मॉर्निंग आणि इव्हिनिंग अशी असेल, किंवा त्यांची नुसती आद्याक्षरे असतील, तर वर्णक्रमाने संध्याकाळ सकाळच्या आधी येते. पोटबेरजेला याने काही होत नाही, पण चढती बेरीज उलटी चढते. सकाळला 1 आणि संध्याकाळला 2 असा आकडी रकाना ठेवा आणि क्रम त्यावर लावा. सभासद क्रमांकाचा रकाना टेक्स्ट असेल, तर 1 नंतर 10, 11 आणि मग 2 येतो, तेही याच पाहणीत तपासून घ्या.

आता ग्रुप फूटरमध्ये एक टेक्स्ट बॉक्स ठेवा आणि त्याच्या 'कंट्रोल सोर्स'मध्ये लिहा: =सम([लिटर]). इथे सूत्रे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर सम वगैरे फंक्शनची नावे इंग्रजी अक्षरांतच टाकायची. हेच सूत्र रिपोर्ट फूटरमध्ये ठेवले की 29 येतात, ग्रुप फूटरमध्ये ठेवले की 19 आणि 10. सूत्र एकच, पण बेरीज कोणत्या ओळींची हे त्याची जागा ठरवते. ग्रुप हेडरमध्ये ठेवले तरी बरोबर 19 येतात, कारण अ‍ॅक्सेस आकडे आधी काढून ठेवतो. म्हणूनच सभासदाचा टक्क्यातला वाटाही सहज मिळतो. ग्रुप फूटरमधल्या बॉक्सला गटलिटर आणि रिपोर्ट फूटरमधल्या बॉक्सला एकूणलिटर असे नाव द्या आणि ग्रुप फूटरमध्ये =[गटलिटर]/[एकूणलिटर] लिहा. शेवटच्या पानावरचा आकडा पहिल्या पानावर वापरता येतो.

सम लिहिताना नवखे लोक तीन ठिकाणी अडखळतात. पहिले म्हणजे पेज फूटर. तिथे सम चालत नाही, एरर येते. दुसरे, सममध्ये रकान्याचे नाव लागते, बॉक्सचे नाही. डिटेल सेक्शनमध्ये =[लिटर]*[दर] असा बॉक्स करून त्याला रक्कमबॉक्स नाव दिले आणि खाली =सम([रक्कमबॉक्स]) लिहिले, तर अ‍ॅक्सेस त्याला ओळखत नाही आणि किंमत विचारणारी छोटी खिडकी उघडतो. त्याऐवजी =सम([लिटर]*[दर]) लिहायचे, किंवा त्याहून चांगले म्हणजे रक्कम क्वेरीतच काढून तिला रकाना करायचे. तिसरे, लिटरचा रकाना फील्ड लिस्टमधून ओढून आणला की बॉक्सचे नावही लिटरच पडते. मग त्याच बॉक्समध्ये =सम([लिटर]) लिहिले की तो स्वतःलाच शोधत बसतो आणि एरर दाखवतो. बॉक्सचे नाव आधी बदला.

चढत्या बेरजेसाठी सूत्र लागतच नाही. डिटेल सेक्शनमध्ये लिटरचा आणखी एक बॉक्स ठेवा, प्रॉपर्टी शीटच्या 'डेटा' भागात 'रनिंग सम' शोधा आणि 'ओव्हर ग्रुप' निवडा. सभासद 12 समोर 5, 9, 15, 19 येतील, आणि 13 पासून पुन्हा 3, 5, 8, 10. 'ओव्हर ऑल' निवडलेत तर 19 नंतर 22, 24, 27, 29. शून्य कुठे होणार, हा तिसरा प्रश्न या एका निवडीत सुटतो. याच सोयीने ओळींना अनुक्रमांकही देता येतात: बॉक्समध्ये =1 लिहा आणि रनिंग सम चालू करा. आणि ग्रुप फूटरमधल्या =सम([लिटर]) या बॉक्सला ओव्हर ऑल लावले, तर सभासदागणिक चढणारी संस्थेची बेरीज मिळते, 19 आणि 29. ही प्रॉपर्टी फक्त रिपोर्टमध्ये काम करते, फॉर्ममध्ये नाही.

जुन्या रोजकीर्दीत पानाखाली बेरीज ओढून ती पुढच्या पानावर नेण्याची पद्धत आहे, आणि अनेक सचिवांना छापील रिपोर्टमध्येही ती हवी असते. मागणी रास्त आहे, कारण एखादे पान गहाळ झाले तर त्यावरूनच कळते. त्यासाठी डिटेलमध्ये ओव्हर ऑलचा एक बॉक्स ठेवून तो अदृश्य करा आणि पेज फूटरमध्ये त्याच्या नावाचा संदर्भ द्या. त्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंतची बेरीज तिथे येते. फक्त त्या पानापुरती बेरीज हवी असेल तर थोडा कोड लिहावा लागतो, आणि तिथे जपून. 'फॉरमॅट' या घटनेत बेरीज करू नका. एखादी ओळ पानात मावली नाही की अ‍ॅक्सेस तीच ओळ पुन्हा मांडतो, आणि ती दोनदा मोजली जाते. 'प्रिंट' या घटनेत, आणि तिथेही प्रिंटकाउंट 1 असेल तेव्हाच, मिळवा. असा रिपोर्ट नेहमी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये तपासायचा, कारण रिपोर्ट व्ह्यूमध्ये या घटना घडतच नाहीत.

एवढ्यावर साधे बिल उभे राहते. खरे दुखणे पुढे आहे, आणि ते मी एका गावातल्या संस्थेत जवळून पाहिले. बिले छापून झाली होती. एक वयस्कर सभासद आपले दुधाचे कार्ड घेऊन आले आणि म्हणाले, माझ्या दुधाचे लिटर दुप्पट कसे झाले? बिल जास्तीचे होते, तरी ते गप्प राहिले नाहीत. ते बिल माझ्या रिपोर्टमधून निघालेले होते. तपासले तर पोटबेरजेचे सूत्र अगदी बरोबर होते. चूक क्वेरीत होती, कारण मी संकलनाच्या टेबलला कपातीचे टेबल थेट जोडले होते.

आपल्या सभासद 12 वरच हे करून पाहा. त्याच्या संकलनाच्या 4 ओळी आहेत. कपाती दोन: पशुखाद्याचे 400 रुपये आणि उचलीचे 500. सभासद क्रमांकावरून ही दोन टेबले जोडली की प्रत्येक संकलनासमोर प्रत्येक कपात येते, म्हणजे 4 गुणिले 2, एकूण 8 ओळी. लिटर 19 चे 38 होतात. कपात 900 ची 3600 होते. आणि सभासद 13 ची एकही कपात नसेल, तर साध्या जोडणीत तो रिपोर्टमधून पूर्ण गळून पडतो. एकीकडे वाढ आणि दुसरीकडे घट झाल्यामुळे संस्थेचा एकूण आकडा कधी कधी विश्वास बसावा इतका खऱ्याच्या जवळ येतो. म्हणून ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते.

यावर उपाय असा. आधी कपातीच्या टेबलची वेगळी टोटल क्वेरी करा, सभासदामागे एकच ओळ आणि एकच कपात रक्कम येईल अशी. मग ती सभासदाच्या टेबलला लेफ्ट जॉइनने जोडा, म्हणजे कपात नसलेला सभासदही राहतो. त्याच्या कपातीच्या जागी मात्र रिकामे, म्हणजे नल येईल. रकमेतून नल वजा केला की उत्तरही नल येते, आणि देय रकमेची जागा कोरी राहते. एनझेड फंक्शन वापरून नलच्या जागी 0 ठेवा. कपात आता सभासदाच्या प्रत्येक ओळीवर तीच तीच येईल, म्हणून ग्रुप फूटरमध्ये तिच्यावर सम लावायचे नाही, नुसता रकाना ठेवायचा. कपाती सविस्तर, ओळी-ओळीने छापायच्या असतील तर त्यांचा सबरिपोर्ट करून ग्रुप फूटरमध्ये बसवा. संकलनाच्या ओळींत त्यांची भेसळ करू नका.

दुसरे दुखणे मागच्या बाकीचे. सभासदाच्या उचलीचा खातेउतारा काढायचा आहे. 10 तारखेपर्यंत त्याने 3000 उचलले, 1200 फेडले, बाकी 1800. पुढच्या दहा दिवसांत आणखी 500 उचलले आणि 800 कपात झाली. उतारा 11 तारखेपासूनचा हवा म्हणून क्वेरीत तारखेची अट घातली, तर चढती बेरीज शून्यापासून निघते आणि 500, उणे 300 असे दाखवते. सभासदाचेच संस्थेकडे 300 निघतात असा त्याचा अर्थ होतो! संगणकाचे चुकलेले नाही. अटीने वगळलेल्या ओळी त्याने पाहिल्याच नाहीत.

जमाखर्च लिहिणारा माणूस आधी मागील बाकी लिहितो. क्वेरीनेही तेच करायला हवे. युनियन क्वेरीत पहिला भाग असा लिहा की 11 तारखेआधीच्या सगळ्या नोंदींची सभासदवार निव्वळ बेरीज एका ओळीत येईल, तपशील 'मागील बाकी', तारीख 10. दुसऱ्या भागात 11 पासूनच्या नोंदी. इथे युनियन ऑल लिहायचे. नुसते युनियन लिहिले तर हुबेहूब सारख्या दोन ओळींपैकी एक गळते, आणि एकाच दिवशी दोनदा तेवढीच उचल घेतलेल्या सभासदाचे खाते बिघडते. क्रमासाठी आणखी एक रकाना ठेवा, बाकीच्या ओळीला 0 आणि इतरांना 1. आता चढती बेरीज 1800, 2300, 1500 अशी येते, आणि शेवटचा आकडा खात्याशी जुळतो.

पैशांचे तिसरे. रक्कम लिटर गुणिले दर अशी काढली की दोनापेक्षा जास्त दशांश स्थळे येतात. कागदावर दोनच छापली तरी आत सगळी राहतात. समजा, तीन ओळींची रक्कम प्रत्येकी 101.334 आहे. छापील ओळी 101.33 च्या तीन, हाताने बेरीज 303.99. रिपोर्टची बेरीज 304.00. पैसा एकच, पण ज्याला आपल्या बिलाची बेरीज करता येते त्याचा विश्वास तेवढ्याने डळमळतो, आणि तो डळमळू देऊ नये. प्रत्येक ओळीची रक्कम क्वेरीतच दोन दशांशांवर आणा आणि त्या रकमांची बेरीज करा. अ‍ॅक्सेसचे राउंड फंक्शन बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते: 2.5 चे 2 करते, 3.5 चे 4. एक्सेलचे राउंड 2.5 चे 3 करते. एकात काढून दुसऱ्यात पडताळणार असाल तर फरक इथून येतो.

फॅटच्या बाबतीत तर सरासरीवरच लक्ष ठेवावे लागते. सकाळी 8 लिटर 6.0 फॅटचे आणि संध्याकाळी 2 लिटर 7.0 फॅटचे. ग्रुप फूटरमध्ये एव्हरेज फंक्शन लावले तर 6.5 येते. पण कॅनमधले दूध 6.5 चे नाही. 8 गुणिले 6 म्हणजे 48, 2 गुणिले 7 म्हणजे 14, मिळून 62, भागिले 10: खरे उत्तर 6.2. सूत्र असे: =सम([लिटर]*[फॅट])/सम([लिटर]). रिपोर्ट फूटरमध्येही हेच सूत्र पुन्हा लिहायचे. सभासदांच्या सरासऱ्यांची सरासरी कधीही काढू नका.

क्रिस्टल रिपोर्ट्स वापरणाऱ्यांना हे सगळे लागू आहे, पण तिथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा लागतो. 'समरी' पहिल्या फेरीत, ओळी वाचताना आणि गट पाडताना मोजली जाते. 'रनिंग टोटल फील्ड' नंतर, छपाईच्या फेरीत मोजले जाते. म्हणून समरी ग्रुप हेडरमध्ये चालते, पण रनिंग टोटल तिथे ठेवले तर गटाच्या पहिल्या ओळीपुरताच आकडा दिसतो. त्याची जागा फूटरमध्ये. उलट, सप्रेस करून लपवलेल्या ओळी आणि ग्रुप सिलेक्शनने गाळलेले गट समरीत मोजलेलेच राहतात. 100 लिटरपेक्षा कमी दूध घालणारे सभासद गाळून यादी काढली, तर खालच्या एकूण बेरजेत तेही असतात. तिथे रनिंग टोटल लागते. त्याच्या खिडकीत 'इव्हॅल्युएट' आणि 'रीसेट' असे दोन भाग आहेत: कोणत्या ओळी मोजायच्या आणि शून्य कुठे करायचे. जोडणीमुळे ओळी दुणावल्या असतील तर इव्हॅल्युएटमध्ये 'ऑन चेंज ऑफ फील्ड' निवडून संकलनाच्या नोंद क्रमांकाचा रकाना द्या, आणि ओळी त्याच क्रमाने लावा, म्हणजे प्रत्येक नोंद एकदाच मोजली जाईल.

डेटाबेस मोठा असेल तर बेरजा एसक्यूएलमध्येच काढलेल्या बऱ्या. पोटबेरजांसाठी 'ग्रुप बाय'सोबत 'रोलअप' आहे, जे 1999 च्या प्रमाण एसक्यूएलमध्ये आले. ते सभासदवार ओळींखाली एकूण बेरजेचीही ओळ देते. त्या ओळीत सभासदाच्या जागी नल असतो. खरोखरच क्रमांक न टाकलेली नोंदही तशीच दिसते, म्हणून दोन्ही वेगळ्या ओळखण्यासाठी 'ग्रुपिंग' फंक्शन वापरा. चढत्या बेरजेसाठी विंडो फंक्शन आहेत: सम(लिटर) ओव्हर (पार्टिशन बाय सभासद ऑर्डर बाय तारीख). ती 2003 च्या प्रमाणात आली. पोस्टग्रेसने 2009 मध्ये 8.4 आवृत्तीत, एसक्यूएल सर्व्हरने अशा चढत्या बेरजेपुरती 2012 च्या आवृत्तीत, मायएसक्यूएलने 2018 मध्ये 8.0 आवृत्तीत दिली. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत ती नाहीत.

वरचे सूत्र आपल्या सभासद 12 वर चालवा. 5, 9, 15, 19 ऐवजी 9, 9, 19, 19 येते. सकाळ आणि संध्याकाळ यांची तारीख एकच आहे, आणि काही सांगितले नाही तर एसक्यूएल क्रमाने बरोबरीच्या सगळ्या ओळी एकदम मोजते. ऑर्डर बायमध्ये तारखेनंतर वेळही घाला आणि पुढे 'रोज अनबाउंडेड प्रिसीडिंग' लिहा. हे 'रोज' म्हणजे ओळी.

अ‍ॅक्सेसमध्ये क्वेरीतच चढती बेरीज हवी असेल तर डीसम फंक्शनचा आधार घ्यावा लागतो. प्रत्येक ओळीसाठी ते टेबल नव्याने चाळते, त्यामुळे हजारो नोंदींवर फार हळू चालते. शिवाय अटीत हॅशच्या चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख ते आधी महिना, मग दिवस अशी वाचते. आपल्या पद्धतीने लिहिलेली 05/08 ही 5 ऑगस्ट तिथे 8 मे होते. 13 तारखेपासून पुढे मात्र ते बरोबर वाचते, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे चूक महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांतच उमटते आणि सापडत नाही. अटीतली तारीख नेहमी फॉरमॅट फंक्शनने वर्ष-महिना-दिवस अशी करून द्या.

रिपोर्ट तयार झाला की संस्थेला देण्याआधी चार सभासद निवडा: सगळ्यांत जास्त नोंदींचा, एकाच नोंदीचा, एकही कपात नसलेला आणि ज्याच्या ओळी एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात असा. त्यांची बिले कॅल्क्युलेटरवर करून पाहा. मग शेवटच्या पानावर, एकूण बेरजेशेजारी, आणखी एक बॉक्स ठेवा. त्यात डीसमने थेट संकलनाच्या टेबलमधून त्याच दहा दिवसांचे लिटर काढा. हा आकडा जोडण्या, गट, क्रम या कशातूनही गेलेला नसतो. दोन्हींतला फरक तिसऱ्या बॉक्समध्ये छापा. तो 0 असेल तरच बिले वाटायची, असे सचिवांना सांगून ठेवा. आणि जुने एखादे बिल, ज्यावर सह्या होऊन पैसे गेले आहेत, नव्या रिपोर्टमधून पुन्हा काढून त्या कागदाशी ओळ-ओळ ताडून पाहा.